गाणें एक, मापें दोन



गेल्या स्नेहसंमेलनाच्या वेळची एक लहानशी गोष्ट सांगून या लेखास आरंभ करतों. संमेलनांतील कार्यक्रमांची निवड करण्याचें काम आम्हां तिघां शिक्षकांकडे होतें. इयत्ता नववीच्या मुलांनीं वीररसाचा एक पोवाडा म्हणण्याची परवानगी मागितली. आम्हीं तो वाचला आणि परवानगी दिली. त्याच दिवशीं दहावींतील एक विद्यार्थी स्वतः रचलेलें एक रॅप-गीत घेऊन आला. मीं कागद हातांत घेतला आणि न वाचतांच खिशांत ठेवून म्हटलें, "असलीं गाणीं शाळेंत नकोत." मुलगा नम्र होता. तो एवढेंच म्हणाला, "सर, आपण एकदां शब्द तरी वाचून पाहाल का?"

रात्रीं घरीं तो कागद हातीं लागला, तेव्हां मीं वाचला. मुलाच्या वस्तींत पहाटे चार वाजतां नळावर लागणारी रांग, त्या रांगेंत उभी असलेली आई, आणि पाणी गेल्यावर रिकाम्या घागरी घेऊन परतणाऱ्या बायका, यांचें तें वर्णन होतें. त्यांत एकहि अपशब्द नव्हता. उलट ज्या पोवाड्यास आम्हीं आनंदानें संमति दिली होती, त्यांत मुंडकीं उडत होतीं आणि रक्ताचे पाट वाहत होते.

पोवाडा वाईट, असें मला मुळींच म्हणावयाचें नाहीं. तो उत्तम होता, व मुलांनीं तो उत्तम म्हटला. दोष होता तो माझ्या न्यायांत. एका गीताची पारख मीं शब्द वाचून केली. दुसऱ्याची नुसतें नांव ऐकून केली. 'आपला तो बाब्या, दुसऱ्याचें तें कार्टें' ही म्हण मीं वर्गांत अनेकदां शिकविली आहे. त्या रात्रीं ती मलाच लागू पडली. त्या लाजेपोटीं मीं या विषयाचा थोडा अभ्यास केला. त्याचें सार विद्यार्थी व पालक या दोघांपुढेंहि ठेवीत आहें.

१. रॅप म्हणजे काय?

ज्यास नांवें ठेवावयाचीं तें काय आहे, हें प्रथम जाणून घेणें न्यायाचें होय. अमेरिकेंतील न्यूयॉर्क शहराच्या ब्राँक्स नांवाच्या भागांत, ११ ऑगस्ट १९७३ या दिवशीं, सेजविक अव्हेन्यूवरील १५२० क्रमांकाच्या इमारतींत एक नाचगाण्याचा मेळावा झाला. नव्या शालेय वर्षासाठीं कपडे घेतां यावेत, म्हणून एका मुलीनें तो भरविला होता. तबकड्या वाजविण्याचें काम तिच्या भावाकडे होतें. त्याचें नांव क्लाइव्ह कँबेल; तो मूळचा जमेका बेटांतला, व लोक त्यास 'कूल हर्क' म्हणत. एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर ठेवून, गाण्यांतील केवळ तालवाद्यांचा तुकडा पुन्हां पुन्हां वाजवीत राहण्याची युक्ति त्यानें रूढ केली. अशा अखंड तालावर यमकबद्ध शब्द झपाट्यानें म्हणणें, हेंच पुढें रॅप या नांवानें प्रसिद्ध झालें. १९७३ मधील तो दिवस या सर्व चळवळीचा जन्मदिवस मानला जातो.

त्या काळीं ब्राँक्सची स्थिति हलाखीची होती. मोठ्या रस्त्यासाठीं वस्त्या पाडल्या गेल्या होत्या, कामधंदे गेले होते, इमारतींमागून इमारती जळून ओस पडत होत्या. ज्यांच्याजवळ वाद्यें विकत घेण्यास पैसा नव्हता व संगीत शिकविण्यास गुरु नव्हता, त्या मुलांनीं जुन्या तबकड्या व स्वतःची जीभ यांतून नवी कला उभी केली. १९७९ सालीं 'रॅपर्स डिलाइट' या गाण्यानें ती न्यूयॉर्कबाहेर सर्वत्र पोंचली. १९८२ सालच्या 'द मेसेज' या गीतानें मोडक्या वस्तींतील जीवनाचें करुण चित्र जगापुढें मांडलें. २०१८ सालीं केंड्रिक लामार या रॅप-कवीस संगीताचें पुलित्झर पारितोषिक मिळालें. अभिजात संगीत व जॅझ यांच्या बाहेरील रचनेस तें प्रथमच दिलें गेलें.

आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेविली पाहिजे. अमेरिकेंतील कृष्णवर्णीय लोकांत शब्दांच्या झुंजीची जुनी परंपरा आहे. दोघे जण समोरासमोर उभे राहून एकमेकांची खोडी काढतात, अतिशयोक्तीवर अतिशयोक्ति रचतात, आणि जो रागावला तो हरला असें ठरतें. आपल्याकडील कलगी-तुऱ्याचे सवाल-जबाब ज्यानें ऐकले असतील त्यास हें नवल वाटणार नाहीं. शाहीर प्रतिपक्षास "तुला धुळीस मिळवीन" म्हणतो, म्हणून कोणी पोलिसांस बोलावीत नाहीं. रॅपमधील कितीतरी फुशारकी याच जातीची आहे.

२. एकाच गीतास दोन नांवें

१९९६ सालीं कॅरी फ्राइड या अमेरिकन विदुषीनें एक साधा पण मार्मिक प्रयोग प्रसिद्ध केला. किंग्स्टन ट्रायो नांवाच्या तिघां गोऱ्या गायकांनीं १९६० सालीं म्हटलेलें 'बॅड मॅन्स ब्लंडर' हें लोकगीताच्या धर्तीचें गाणें तिनें निवडलें. त्यांत एक तरुण पोलीस अधिकाऱ्यास गोळी घालतो व त्याचें फळ भोगतो. या गाण्याचे शब्द तिनें लोकांस वाचावयास दिले. शब्द सर्वांस तेच. बदल फक्त नांवाचा. कांहींना सांगितलें कीं हें लोकगीत आहे; कांहींना सांगितलें कीं हें 'कंट्री', म्हणजे अमेरिकेच्या खेड्यापाड्यांतील गोऱ्या लोकांत रूढ असलेलें गीत आहे; आणि कांहींना सांगितलें कीं हें रॅप आहे.

परिणाम काय झाला? ज्यांना तें रॅप म्हणून दिलें होतें त्यांना तेच शब्द अधिक आक्षेपार्ह व अधिक धोक्याचे वाटले, आणि अशा गाण्यांवर निर्बंध असावा असेंहि त्यांना अधिक वाटलें. दुसऱ्या वेळीं शब्द तसेच ठेवून, गायक कृष्णवर्णीय कीं गोरा एवढेंच काय तें बदललें. तेव्हांहि गायक कृष्णवर्णीय आहे असें कळलेल्यांनीं गीतास अधिक कठोर दोष दिला. वीस वर्षांनीं, म्हणजे २०१६ सालीं, कॅलिफोर्नियांतील संशोधकांनीं गीताचें नांव बदलून हाच प्रयोग पुन्हां करून पाहिला. रॅप या नांवाखालीं दिलेले शब्द लोकांना अधिक आक्षेपार्ह तर वाटलेच, शिवाय ते कवीच्या प्रत्यक्ष जीवनाचें खरें वर्णन आहे असेंहि अधिक वाटलें.

मुलांनो, या प्रयोगाचें मर्म नीट ध्यानांत घ्या. या लोकांपैकीं बहुतेकांना आपण अन्याय करीत आहों याची जाणीवहि नसेल. प्रत्येकास वाटलें असेल कीं आपण शब्द वाचून मत दिलें. परंतु शब्द तर सर्वांपुढें एकच होते. तेव्हां मत शब्दांनीं बनलें नव्हतें. तें वाचण्यापूर्वींच तयार होतें. तराजू हातांत धरलेला दिसत होता, पण एका पारड्याखालीं आधींच बोट लागलेलें होतें.

३. नव्या संगीतावरील जुने आरोप

नव्या संगीतास दोष देण्याची रीति कांहीं आजची नाहीं. ज्या वॉल्ट्झ नृत्यास आज युरोपांत सभ्यतेचा नमुना समजतात, तें १८१६ सालीं इंग्लंडच्या राजदरबारांत नाचलें गेलें तेव्हां लंडनच्या 'टाइम्स' पत्रानें तें असभ्य ठरवून पालकांना सावध केलें होतें. १९२१ सालीं अमेरिकेंतील एका प्रमुख स्त्री-मासिकानें जॅझ संगीतामुळें तरुण पिढी पापाकडे वळते काय, अशी चर्चा केली. आज तेंच जॅझ विद्यापीठांतून शिकविलें जातें.

१९८५ सालीं वॉशिंग्टन येथील कांहीं प्रतिष्ठित मातांनीं गाण्यांतील अश्लीलता व हिंसा यांविरुद्ध एक संघटना काढली, व विशेष आक्षेपार्ह अशा १५ गाण्यांची यादी प्रसिद्ध केली. सप्टेंबर महिन्यांत अमेरिकेच्या सीनेटपुढें त्याची सुनावणीहि झाली, आणि त्यांतूनच पालकांना सूचना देणारी चिठ्ठी तबकड्यांवर लावण्याची प्रथा पडली. त्या १५ गाण्यांत एकहि रॅप-गीत नव्हतें. बहुतेक गाणीं रॉक व तत्सम प्रकारांतलीं होतीं. म्हणजे दोष केवळ रॅपलाच दिला जातो असें म्हणणें खरें होणार नाहीं.

मग भेद कोठें आहे? तो १९९३ सालीं एमी बाइंडर या समाजशास्त्रज्ञ विदुषीनें दाखवून दिला. १९८५ ते १९९० या काळांतील वृत्तपत्रें व मासिकें यांतील लेख तिनें तपासले. गोऱ्या तरुणांच्या 'हेवी मेटल' संगीताविषयीं लिहितांना लेखक काळजी करीत ती ऐकणाऱ्या मुलाची: हें संगीत आमच्या मुलाला बिघडवील! रॅपविषयीं लिहितांना काळजी असे ती इतरांची: हें ऐकणारा मुलगा आम्हांला इजा करील! एका मुलाकडे आईच्या डोळ्यांनीं पाहिलें गेलें, दुसऱ्याकडे पहारेकऱ्याच्या. दोन मापें तीं हींच.

४. गाण्यांतील 'मी' कोण?

जॉनी कॅश हा अमेरिकेंतील एक थोर कंट्री-गायक होऊन गेला. त्याच्या १९५५ सालच्या 'फॉल्सम प्रिझन ब्लूज' या गाण्यांतील 'मी' निष्कारण केलेल्या खुनाची कबुली देतो. कॅशनें तुरुंगवासाची शिक्षा कधींच भोगली नव्हती. पण १९६८ सालीं त्याच फॉल्सम तुरुंगांत जाऊन त्यानें कैद्यांपुढें तें गाइलें, आणि तें ध्वनिमुद्रण जगभर गाजलें. लोकांनीं त्याच्या सहानुभूतीची वाहवा केली. कोणीहि त्यास खुनी म्हटलें नाहीं, व तेंच योग्य होतें. १८७५ सालच्या 'कार्मेन' या संगीतिकेच्या शेवटीं नायक आपल्या प्रेयसीस भोंसकून ठार करतो. तरी ती पाहावयास जाणें आज सुसंस्कृतपणाचें लक्षण मानतात.

आपणां मराठी माणसांना तर हें शिकविण्याचीहि गरज नसावी. एकनाथ महाराजांनीं भारुडें रचिलीं, त्यांत ते कधीं जोशी होऊन बोलतात, कधीं महार होऊन बोलतात, कधीं विंचू चावल्याने तळमळणारा मनुष्य होऊन बोलतात. त्या भारुडावरून नाथांस खरोखरच विंचू चावला होता असें आपल्यांतील लहान मूलहि म्हणत नाहीं. गाण्यांतील 'मी' हा सोंग घेतलेला 'मी' असूं शकतो, हें आपणांस नाथांच्या बाबतींत कळतें. ब्राँक्समधील किंवा धारावींतील मुलाच्या बाबतींत मात्र आपण तें विसरतों.

या विस्मरणाचें एक ठळक उदाहरण १९९२ सालचें आहे. आइस-टी या कृष्णवर्णीय कलावंतानें आपल्या 'बॉडी काउंट' या मंडळीसह 'कॉप किलर' हें गाणें प्रसिद्ध केलें. पोलिसांच्या जुलमानें संतापलेल्या मनुष्याची तींत धमकी होती. पोलीस संघटनांनीं बहिष्कार पुकारला, राष्ट्राध्यक्षांपर्यंत सर्वांनीं निषेध केला, आणि जुलै महिन्यांत तें गाणें मागें घेण्यांत आलें. गंमत अशी कीं तें रॅप-गीत नव्हतेंच! तें हेवी मेटल पद्धतीचें गाणें होतें. गायक रॅपबद्दल प्रसिद्ध होता, म्हणून अनेकांनीं गाण्यासहि रॅप म्हणून टाकलें. त्याच्या आधीं १८ वर्षें, १९७४ सालीं, एरिक क्लॅप्टन या गोऱ्या गायकाचें 'आय शॉट द शेरिफ' हें गाणें अमेरिकेंत लोकप्रियतेच्या यादींत पहिल्या क्रमांकावर होतें. तें मूळ बॉब मार्ली याचें. त्यांतील 'मी' पोलीस अधिकाऱ्यास गोळी घातल्याचें सांगतो. न्यायानें बोलावयाचें तर दोन्ही गाणीं सारखीं नाहींत: मार्लीच्या गाण्यांतील मनुष्य स्वसंरक्षणाचें कारण देतो, आइस-टीच्या गाण्यांत उघड धमकी आहे. हा भेद दाखवून कोणी आइस-टीस दोष दिला असता तर ती खरी परीक्षा झाली असती. परंतु गाण्याचा प्रकारहि न ओळखतां दिलेला दोष परीक्षा या नांवास पात्र नाहीं.

५. न्यायासनापुढें

कोणी म्हणेल, "आवडनिवड ज्याची त्याला, एखाद्यास रॅप नावडलें तर बिघडलें काय?" नावडण्यानें कांहींच बिघडत नाहीं. बिघडतें तें नावड न्याय करावयास बसते तेव्हां.

अमेरिकेंत आरोपीनें लिहिलेलीं रॅप-गीतें त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून न्यायालयांत वाचलीं जातात. या विषयावर २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या 'रॅप ऑन ट्रायल' या ग्रंथाच्या लेखकांनीं असे सुमारें ५०० खटले शोधून काढले. न्यू जर्सी राज्यांतील एका खटल्यांत आरोपीच्या वह्यांतील रॅप-गीतांचीं १३ पानें जूरीपुढें वाचण्यांत आलीं. त्यांतील बरींच गीतें गुन्ह्यापूर्वीं कित्येक वर्षें लिहिलेलीं होतीं, आणि त्या गुन्ह्याचा त्यांत उल्लेखहि नव्हता. आरोपीस खुनाच्या प्रयत्नाबद्दल दोषी ठरविण्यांत आलें. २०१४ सालीं त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानें हा पुरावा अयोग्य ठरवून पुन्हां चौकशी व्हावी असा निकाल दिला. न्यायमूर्तींचें म्हणणें असें कीं, बॉब मार्लीनें खरोखर अधिकाऱ्यास गोळी घातली किंवा एडगर ॲलन पो यानें आपल्या कथेंतल्याप्रमाणें खरोखर प्रेत जमिनीखालीं पुरलें असें कोणी मानीत नाहीं. मग रॅप लिहिणाऱ्याविषयींच तसें कां मानावें? गीताचा त्या विशिष्ट गुन्ह्याशीं घट्ट संबंध दिसत असेल तरच तें पुराव्यांत घ्यावें, अशी मर्यादा त्यांनीं घालून दिली. २०२२ सालीं कॅलिफोर्निया राज्यानें कायदाच केला. कलाकृति पुरावा म्हणून घेण्यापूर्वीं, तिच्यामुळें वर्णद्वेषाची भावना चाळवली जाण्याचा धोका न्यायाधीशानें विचारांत घ्यावा, असें त्यांत सांगितलें आहे.

संमेलनांतील एक कार्यक्रम नाकारणें आणि मनुष्यास तुरुंगांत पाठविणें यांत जमीनअस्मानाचें अंतर आहे, हें खरें. पण दोहोंचें बीज एकच: न वाचतां बनविलेलें मत.

६. आपल्या घरांत

दूरच्या देशाचे दोष दाखविणें सोपें असतें. आपल्या अंगणाकडेहि दृष्टि टाकली पाहिजे. राम जोशी, होनाजी, प्रभाकर यांच्या लावण्या आज विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांत आहेत, आणि त्यांतील शृंगारावर पंडित रसाळ व्याख्यानें देतात. पण ज्या स्त्रियांनीं व ज्या जातींच्या कलावंतांनीं ती लावणी बोर्डावर जिवंत ठेविली, त्यांस त्याच शृंगाराबद्दल समाजानें हीन लेखलें. शब्द ग्रंथांत असले म्हणजे काव्य, फडांत असले म्हणजे चावटपणा! हेंहि दुटप्पी मापच नव्हे काय?

मुंबईच्या वस्त्यांतील मुलांनीं रॅप आपलेंसें केलें. २०१५ सालीं 'मेरे गली में' हें त्यांच्यांतील दोघांचें गाणें गाजलें, आणि २०१९ सालीं त्या जीवनावर 'गली बॉय' हा चित्रपट निघाला. जीं गाणीं गल्लींतून ऐकूं आलीं असतां आपण खिडक्या लावून घेतल्या असत्या, तींच पडद्यावर आलीं तेव्हां आपण तिकीट काढून ऐकलीं. मराठींतहि आतां रॅप रचिलें जातें. एप्रिल २०२३ मध्यें राज्यकर्त्यांवर टीका करणाऱ्या मराठी रॅप-गीतांवरून तरुणांवर पोलिसांत गुन्हे नोंदविले गेले. त्या गीतांची भाषा कोणास रुचो वा न रुचो. तमाशाच्या वगांत राज्यकर्त्यांची थट्टा पिढ्यान्‌पिढ्या होत आली आहे, व तिला आपण लोककला म्हणून गौरवितों, एवढें मात्र तिच्या जोडीला आठवावें.

७. याचा अर्थ सर्व रॅप चांगलें असा नव्हे

येथवर वाचून कोणी विद्यार्थी मनांत म्हणेल, "ठीक! आतां घरीं कांहींहि ऐकावयास मोकळीक झाली." मित्रा, थांब. ज्या न्यायानें पालकांनीं शब्द वाचावे असें मी म्हणतों, त्याच न्यायानें ते तूंहि वाचले पाहिजेस. कित्येक रॅप-गीतांत स्त्रियांविषयीं घाणेरडी भाषा आहे, व्यसनांची वाखाणणी आहे, पैशाची निर्लज्ज बढाई आहे. 'ताल चांगला आहे' असें म्हणून तें पोटांत घालणें हेंहि दुसरें मापच होय. तुझ्या बहिणीस रस्त्यांत कोणी जो शब्द उच्चारला तर तूं चवताळून उठशील, तोच शब्द कानाला यंत्र लावून तूं आवडीनें घोळवावास, हें कसें?

योग्य टीका कशी असते याचा धडा अटलांटा शहरांतील स्पेलमन कॉलेजच्या मुलींनीं २००४ सालीं घालून दिला. कृष्णवर्णीय मुलींसाठीं असलेलें हें कॉलेज १८८१ सालीं दोन मिशनरी स्त्रियांनीं सुरू केलेलें. एक प्रसिद्ध रॅप-गायक तेथें एका धर्मादाय कार्यासाठीं येणार होता. त्याच्या एका गीतचित्रांत स्त्रियांची विटंबना केलेली होती. मुलींनीं त्याविषयीं आमच्याशीं चर्चा करा अशी मागणी केली, आणि अखेर तो कार्यक्रम रद्द झाला. या मुलींनीं रॅपला नांवें ठेविलीं नाहींत. रॅप त्यांच्याच समाजाचें धन होतें. त्यांनीं एका विशिष्ट कृतीवर बोट ठेवलें, तिच्यांत काय वाईट आहे तें स्पष्ट सांगितलें, आणि गायकास उत्तर देण्याची संधि दिली. ज्यास वस्तु ठाऊक आहे त्याची टीका अशी नेमकी असते.

आणि पालकहो, एक नम्र विनंति आपणांसहि आहे. लग्नाच्या वरातींत आपण ज्या सिनेमाच्या गाण्यांवर मुलांसह नाचतों, त्यांचे शब्द एकदां कागदावर उतरवून शांतपणें वाचावे. मद्याची स्तुति, मुलीचा पाठलाग, तिच्या देहावरील शेरे, हें त्यांत किती आहे तें मोजावें. मग मुलाच्या रॅपला हात घालावा.

८. चार प्रश्न

कोणतेंहि गीत पारखतांना पुढील चार प्रश्न स्वतःस विचारावे. पहिला: मीं शब्द पूर्ण वाचले किंवा ऐकले आहेत काय, कीं नुसतें नांव ऐकलें आहे? दुसरा: यांतील 'मी' कोण आहे; कवि स्वतः, कीं त्यानें घेतलेलें सोंग? तिसरा: गीत वाईटाचें वर्णन करतें, कीं वाईटाची भलामण करतें? खुनाची गोष्ट सांगणें निराळें व खुनाची गोडी लावणें निराळें. चौथा, आणि सर्वांत अवघड: हेच शब्द मला प्रिय असलेल्या गायकानें, माझ्या आवडत्या चालीवर म्हटले असते, तर मीं हेंच मत दिलें असतें काय? या चवथ्या प्रश्नास प्रामाणिकपणें 'होय' म्हणतां आलें, म्हणजे निःशंकपणें दोष द्यावा किंवा स्तुति करावी.

आतां आरंभींची गोष्ट पुरी करतों. दुसऱ्या दिवशीं मीं त्या मुलास बोलावून त्याची क्षमा मागितली. मग आम्हीं दोघे गीत घेऊन बसलों. दोन ओळी मला सैल वाटल्या. तसें मीं सांगितलें. एक त्यानें तेथल्या तेथें बदलली. दुसरी बदलण्यास तो तयार होईना. "सर, आई असेंच बोलते," तो म्हणाला. मीं ती पुन्हां वाचली, आणि तसेंच राहूं दे म्हणालों.

संमेलनांत प्रथम पोवाडा झाला व नंतर तें रॅप-गीत झालें. दोन्हींस टाळ्या पडल्या. टाळ्या कोणास अधिक पडल्या हें मीं मोजलें नाहीं; दोघांसहि एकाच मापानें निवडलें होतें, एवढें समाधान मला पुरें होतें.